मिरगीची सुई: कधी लागते, कधी नाही आणि घरच्यांनी काय पाहावं

मिरगी, फिट, आकडी, फेफरं, झटके. नावं वेगवेगळी असली तरी लोक बोलतात एकाच आजाराबद्दल. पुस्तकी मराठीत याला अपस्मार म्हणतात आणि युनानी हकिमांच्या जुन्या किताबांत सरअ. आजार जुना आहे आणि त्यावर चांगली औषधंही आहेत. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. फेनिटॉइन, म्हणजे आपल्या घरांत ‘एप्टॉइन’ या नावानं माहीत असलेलं औषध, १९३८ पासून आहे. तरीही आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत आणि मोहल्ल्यांत एक समज पक्का बसला आहे: "गोळीनं काय होते? सुई मारा, म्हणजे बरं वाटते."

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण वर्गात फिट येणारी मुलं असतात आणि त्यांचे अम्मी-अब्बू आमच्याशी बोलतात. त्या बोलण्यातून एक गोष्ट वारंवार दिसते. सुई कशासाठी असते आणि गोळी कशासाठी, हे कुणी त्यांना नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून ही माहिती एका जागी मांडत आहोत. औषधांचे आकडे फक्त समजण्यासाठी दिले आहेत. सुई किती द्यायची आणि कोणती द्यायची, हे डॉक्टरच ठरवतील.

सुईचं काम वेगळं, गोळीचं वेगळं

आपला मेंदू बारीक विजेच्या इशाऱ्यांवर चालतो. त्यातल्या पुष्कळ पेशी एकाच वेळी बेताल इशारे देऊ लागल्या की फिट येते. रोजची गोळी ही वेळ येऊच नये म्हणून असते. ती रक्तात औषधाची पातळी टिकवते आणि दिवसामागून दिवस काम करते. सुईचं काम आता चालू असलेली फिट थांबवण्याचं आहे.

म्हणजे गोळी हा बांध आणि सुई ही पूर आल्यावर टाकलेली वाळूची पोती. पोती टाकली म्हणून बांध नको, असं कुणी म्हणत नाही. पण मिरगीत नेमकं हेच होतं. दवाखान्यात सुई लागते, फिट थांबते, दोन दिवसांनी सुट्टी मिळते आणि घरी आल्यावर गोळ्या बंद होतात. ज्यांना आधीपासून मिरगी आहे त्यांच्यात लांबलेली, न थांबणारी फिट येण्याचं एक मोठं कारण हेच आहे: गोळी चुकणं किंवा मनानं बंद करणं.

सुईचं आणखी एक काम असतं. पेशंटला तोंडानं काही घेता येत नसेल, उलट्या होत असतील किंवा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल, तर लेव्हेटिरासिटाम किंवा व्हॅल्प्रोएट काही दिवस शिरेतून देता येतं. ऑपरेशन दुसऱ्या कुठल्या आजाराचं असलं तरी "याला मिरगीच्या गोळ्या चालू आहेत" हे आधी सांगा. उपाशी ठेवल्यामुळे डोस बुडाला आणि फिट आली, असं व्हायला नको.

पहिली पाच मिनिटं घरच्यांची

बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. अशा फिटला सुई लागतच नाही. पाच मिनिटांच्या वर चाललेली फिट मात्र आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि जितका उशीर तितकं औषधही कमी लागू पडतं. म्हणून जगभर डॉक्टरांनी पाच मिनिटांची रेघ ओढली आहे.

फिट सुरू होताच आधी घड्याळ पाहा. मग:

- आजूबाजूचं टोकदार, गरम, कठीण सामान दूर करा. डोक्याखाली घडी केलेली ओढणी किंवा चादर ठेवा.
- गळ्याजवळचं बटण, मफलर किंवा घट्ट बांधलेला स्कार्फ सैल करा. बाईमाणूस असेल तर अंगावर चादर टाका आणि गर्दी हटवा.
- झटके कमी होताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास अडकणार नाही.
- तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी, गोळी काहीही घालू नका. दातखीळ उघडायचा प्रयत्न करू नका.
- हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, हातात लोखंडी किल्ली यांनी फिट थांबत नाही. ती तिच्या वेळेनं थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं.

पाच मिनिटं झाली, किंवा एक फिट संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, डोक्याला मार असेल, पेशंट गरोदर असेल, मधुमेही असेल, पाण्यात पडला असेल, तर १०८ ला फोन लावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर "पेशंट बेशुद्ध आहे" एवढंच सांगू नका. "फिट चालू आहे, इतकी मिनिटं झाली" असं सांगा.

पहिली सुई कोणती?

फिट थांबवायला पहिल्यांदा जी औषधं देतात ती एकाच घराण्यातली आहेत: लोराझेपाम, मिडाझोलाम आणि डायझेपाम. शिरेत सलाईनची सुई लागलेली असेल तर लोराझेपाम चांगलं. मोठ्या माणसाला साधारण ४ मिलिग्रॅम, हळूहळू. हे औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे ते प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही.

पण झटके चालू असताना शीर सापडणं कठीण असतं. अशा वेळी मिडाझोलाम मांडीच्या स्नायूत देता येतं. २०१२ साली अमेरिकेत ‘रॅम्पार्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲम्ब्युलन्समधले ८९३ पेशंट होते. मांडीत मिडाझोलाम दिलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांची फिट दवाखान्यात पोहोचायच्या आत थांबलेली होती. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हा आकडा ६३ टक्के होता. औषध शिरेतून लवकर लागू पडतं हे खरं, पण शीर शोधण्यात जो वेळ जातो त्याचा हिशेबही धरावा लागतो. या अभ्यासात ४० किलोच्या वर वजन असलेल्यांना १० मिलिग्रॅम आणि १३ ते ४० किलोवाल्यांना ५ मिलिग्रॅम मिडाझोलाम दिलं होतं.

आता आपल्या गावांतली गोष्ट. फिट आली की जवळच्या ‘डॉक्टर’कडे नेतात आणि तो दंडात किंवा कमरेत ‘कॅम्पोज’ची, म्हणजे डायझेपामची सुई मारतो. डायझेपाम स्नायूतून हळू आणि बेभरवशाचं शोषलं जातं. फिट थांबवण्यासाठी ते शिरेतून किंवा गुदमार्गानं द्यायचं औषध आहे. म्हणजे सुई लागली, घरच्यांचं समाधान झालं आणि तेवढ्यात मोठ्या दवाखान्यात जायची मोलाची वेळ गेली. शिवाय मागाहून शोषलं गेलेलं औषध आणि दवाखान्यात दिलेलं औषध एकत्र आलं तर श्वास मंदावू शकतो. गावात सुई दिली असेल तर तिचं नाव आणि वेळ पुढच्या डॉक्टरांना नक्की सांगा. शक्य असेल तर रिकामी बाटली सोबत न्या.

या घराण्यातल्या सगळ्याच औषधांचा मोठा धोका म्हणजे श्वास मंदावणं. त्यामुळे ही सुई ऑक्सिजन आणि श्वासाची सोय असलेल्या ठिकाणीच द्यावी. एका डोसनं भागलं नाही तर दुसरा देतात. त्यानंतर मात्र हेच औषध देत बसायचं नसतं, पुढच्या औषधाकडे जायचं असतं.

सुई नको, लाजही नको: नाकातला फवारा

ज्यांच्या फिट लांबतात त्यांच्या घरी आपत्कालीन औषध असावं. पूर्वी लहान मुलांसाठी गुदमार्गानं द्यायचं डायझेपाम सांगत. तरण्या मुलीला किंवा शाळेतल्या मुलाला चारचौघांत ते द्यायचं कसं, म्हणून अनेक घरांत ते वापरलंच जात नसे. आता मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा मिळतो. कपडे काढावे लागत नाहीत, सुई लागत नाही, शिक्षकालाही देता येतो.

तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या. डोस वजनावर असतो, सर्वसाधारणपणे एका किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. वेगवेगळ्या बाटल्यांत एका फवाऱ्यात औषध कमी-जास्त असतं. म्हणून "किती वेळा दाबायचं, कोणत्या नाकपुडीत" हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मुलाचं वजन वाढलं की डोस पुन्हा विचारा. बाटली उन्हात, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. वर्ध्याचा मे महिना औषधालाही सोसत नाही. आणि एक प्रत शाळेत किंवा मदरशात वर्गशिक्षकाकडे द्या, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह.

फिट तरीही थांबली नाही तर

पहिल्या औषधानं फिट थांबली नाही तर साधारण विसाव्या मिनिटापासून दुसऱ्या फळीची औषधं सुरू होतात. यात मुख्य तीन आहेत:

*फेनिटॉइन किंवा फॉसफेनिटॉइन.* जुनं आणि स्वस्त औषध, पण हाताळायला नाजूक. रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवूनच देतात.

*व्हॅल्प्रोएट.* ‘एन्कोरेट’ वगैरे नावांनी मिळतं. लिव्हरचा आजार असेल तर टाळतात. मेरोपेनेमसारख्या काही भारी अँटिबायोटिकबरोबर याची रक्तातली पातळी एकदम खाली येते.

*लेव्हेटिरासिटाम.* ‘लेव्हिपिल’ वगैरे नावं. देण्यास सोपं, पण किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. काही लोकांत चिडचिड, उदासी वाढते.

यातलं ‘भारी’ कोणतं, असं नातेवाईक हमखास विचारतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसेट’ या अभ्यासात फॉसफेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम या तिघांची तुलना झाली. तिन्ही औषधांनी साधारण निम्म्या पेशंटांची फिट थांबली आणि तिघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणून महाग ते चांगलं असं समजू नका. पेशंटचं हृदय, लिव्हर, किडनी, वय आणि गर्भारपण पाहून डॉक्टर निवड करतात. यानंतरही फिट थांबली नाही तर आयसीयूत भूल देऊन श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागतं. घरून निघायला केलेला उशीर शेवटी इथे आणून सोडतो.

आपल्या जिल्ह्यात ही सोय दूर नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी इथेच देशातलं ग्रामीण भागातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, वर्ध्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. आर्वी, आष्टी, कारंजा किंवा हिंगणघाट, समुद्रपूरकडच्या लोकांनी मात्र जवळच्या सरकारी दवाखान्यात पहिली सुई घेऊनच पुढे निघावं. तासभर गाडीत फिट चालू ठेवणं सगळ्यात वाईट.

वॉर्डात नातेवाइकांनी काय पाहावं

फेनिटॉइन लावलं असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, ते हळूच जातं. मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगानं देत नाहीत. ६० किलोच्या माणसाला एका किलोमागे २० मिलिग्रॅम म्हणजे १२०० मिलिग्रॅम लागलं, तर किमान २४ मिनिटं लागणारच. "सिस्टर, जरा जोरात सोडा ना" असं म्हणू नका आणि सलाईनची चकरी स्वतः फिरवू नका. वेगानं गेलं तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात.

दोन, ते साध्या मिठाच्या सलाईनमध्येच मिसळतात. ग्लुकोजच्या बाटलीत त्याचे कण तयार होतात. "अशक्तपणा आहे, ग्लुकोज लावा" हा हट्ट म्हणूनच करू नये.

तीन, सुईच्या जागी लक्ष ठेवा. हे औषध शिरेबाहेर गेलं तर हात सुजतो, जांभळा-काळा पडतो आणि कधी कधी कातडीही जाते. पेशंट बेशुद्ध असेल तर "जळजळते" असं तो सांगू शकणार नाही. ते आपण पाहायचं आणि लगेच सिस्टरला बोलवायचं.

कोणत्याही औषधानंतर अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप असं दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्या मिरगीच्या औषधाची पातळी बदलतात.

प्रत्येक फिट मिरगी नसते

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर किंवा बाळंतपणानंतर बीपी वाढून फिट आली तर तो बहुधा एक्लॅम्पसिया असतो. त्यावरची सुई मॅग्नेशियम सल्फेट, वर सांगितलेल्यांपैकी नव्हे. इथे थेट प्रसूतीची सोय असलेल्या दवाखान्यातच न्यायचं.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात झटके आले तर ती बहुतेक वेळा मिरगी नसते. मधुमेही माणसाला साखर कमी झाल्यानं फिट येऊ शकते. त्याला सुईआधी साखर तपासून ग्लुकोज लागतं.

आणि कारण शोधणं सुटू नये. आपल्या देशात मेंदूतला जंताचा गोळा, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, हे मिरगीचं एक नेहमीचं कारण आहे. "हा डुकराच्या मांसाचा आजार, आपल्याला कसा होईल?" असं आपल्याकडे विचारतात. तो मांसातून येत नाही. ज्याच्या पोटात हा टेपवर्म आहे त्याच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या भाज्या, पाणी किंवा हातांमार्फत आपल्या पोटात जातात. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू वस्तीत, जिथे डुक्कर कुणी शिवतही नाही, असे पेशंट सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन सांगितला तर "आमच्यात हे होत नाही" म्हणून टाळू नका.

रमजान, निकाह आणि दवा

रमजानमध्ये दोन गोष्टी बिघडतात: गोळीची वेळ आणि झोप. दोन्हींमुळे फिट वाढू शकते. काही औषधं सहरी आणि इफ्तारला बसवता येतात, काही येत नाहीत. म्हणून चाँद दिसायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. स्वतः वेळ बदलू नका. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतांत आजारी माणसाला रोजाची सवलत आहे, ती आपल्यासाठीच आहे. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं १९९७ च्या ठरावात, अंगाला पोषण न देणाऱ्या सुईनं रोजा तुटत नाही असं म्हटलं आहे. बाकी मसला आपल्या आलिमांना जरूर विचारा, पण फिट चालू असताना नाही. त्या वेळी आधी सुई.

‘असर झाला’, ‘जिन्न लागला’ म्हणून महिनोन्‌महिने दवा न करणं हे आपल्या परंपरेतही बसत नाही. मिरगी असलेल्या एका बाईची गोष्ट बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिनं प्यारे नबी (स.) यांना दुआ मागितली, ती फिटमध्ये अंगावरचं वस्त्र सरकू नये म्हणून. म्हणजे तिच्या आजाराला आजार मानलं गेलं आणि तिची इज्जतही जपली गेली. इब्न सीनानं ‘कानून’मध्ये मिरगी मेंदूच्या आजारांत मोजली आहे. दुआ करा, पण गोळीची वेळ चुकवू नका.

लग्नाच्या वेळी आजार लपवला की मुलगी सासरी गोळ्याही लपवून खाते, मग बंद करते, आणि एक दिवस न थांबणारी फिट येते. दोन्ही घरांना माहीत असणं हीच तिची सुरक्षा. मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुलीला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर निकाहच्या आधीच डॉक्टरांशी बोला. या औषधानं दहातल्या साधारण एका बाळात जन्मदोष येऊ शकतो. पण गोळी अचानक बंद करणंही तितकंच धोक्याचं. बदल डॉक्टरच करतील.

खिशातला कागद

एक छोटा कागद लिहा. एक प्रत पेशंटच्या खिशात, एक घरात, एक शाळेत. त्यावर एवढंच असू द्या:

- नाव, वजन, घरच्या दोन माणसांचे फोन
- चालू गोळ्यांची नावं, डोस, वेळा
- नाकातला फवारा असेल तर किती आणि केव्हा
- आधी कोणत्या औषधाचं रिॲक्शन झालं
- लिव्हर, किडनी, हृदय, मधुमेह, गर्भारपण, टीबी यांपैकी काही असल्यास
- फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर: १०८

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डवर दोन गोष्टी विचारून घ्या: कोणती सुई दिली, आणि आजपासून कोणती गोळी किती वाजता घ्यायची. ती गोळी संपायच्या आठवडाभर आधी पुढचं पाकीट आणून ठेवा. सुईनं आजची फिट थांबली. उद्याची फिट येऊ नये, हे त्या पाकिटावर अवलंबून आहे.